नागपूरचे जेंकिन्स साहेब

सीताबर्डीची टेकडी आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिली असेल. नागपुरास बाजारासाठी, दवाखान्यासाठी अथवा आगगाडीसाठी येणाऱ्या खेडुताच्या दृष्टीस तेथील किल्ला पडल्यावाचून राहत नाही. ज्या लढाईनंतर तो किल्ला बांधण्यात आला, त्या लढाईच्या वृत्तांतात रिचर्ड जेंकिन्स ह्यांचे नाव येते, आणि शाळेत इतिहास शिकलेल्या मुलांस ते ऐकून ठाऊक असते. परंतु हे गृहस्थ वीस वर्षे नागपुरास होते. त्यांपैकी सुमारे आठ वर्षे एका अल्पवयी राजाच्या नावाने सर्व राज्याचा कारभार त्यांच्या हाती होता. आणि पुढे विलायतेस परत जाऊन ते पार्लमेंटचे सभासद व ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांचे अध्यक्ष झाले, हा पुढचा वृत्तांत फार थोड्यांस माहीत आहे. दुसऱ्याच्या घराचा कारभार ज्याच्या हाती येतो, त्याची परीक्षा कशी होते, हे ह्या चरित्रावरून चांगले समजते. म्हणून ते येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

रिचर्ड जेंकिन्स ह्यांचा जन्म इ. स. १७८५ च्या फेब्रुवारी महिन्यात इंग्लंडातील श्रॉपशायर परगण्यात झाला. श्रूजबरी हे त्या परगण्याचे मुख्य शहर असून त्याच्या जवळच जेंकिन्स घराण्याची जमीन होती. त्या काळी मध्यम स्थितीतील जमीनदारांच्या मुलांस कंपनीची नोकरी हा नशीब काढण्याचा एक मार्ग असे. त्याप्रमाणे ह्या मुलाची नेमणूक मुंबई इलाख्याच्या मुलकी खात्यात झाली, आणि १८०० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो हिंदुस्थानात आला. आमच्या खेड्यांतील ज्या वयाच्या मुलास बाप एकट्याने बैल विकावयास पाठवीत नाही, त्या वयात हा मुलगा समुद्रापलीकडे परक्या देशात नोकरीस आला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्याच सुमारास कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले होते. कंपनीच्या तरुण नोकरांस देशी भाषा याव्यात म्हणून ते स्थापण्यात आले. सेरामपूरचे मिशनरी विल्यम केरी हे १८०१ पासून तेथे बंगाली शिकवीत असत, आणि पुढे मराठीही शिकवू लागले. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली छापून निघाले. जेंकिन्स ह्यांनी ह्या कॉलेजात भाषांचा अभ्यास करून नाव मिळविले. ज्या लोकांवर अंमल करावयाचा त्यांची बोली आधी शिकली पाहिजे, हा धडा त्यांस तेथे मिळाला, आणि तो त्यांनी पुढे सोडिला नाही.

अभ्यास संपताच त्यांस दौलतराव शिंदे ह्यांच्या दरबारी असलेल्या रेसिडेंटाचे मदतनीस नेमण्यात आले. रेसिडेंट म्हणजे देशी राजाच्या दरबारात राहणारा कंपनीचा वकील होय. १८०४ च्या अखेरीस तेथील रेसिडेंट वेब साहेब मरण पावले, आणि सर्व काम एकोणीस वर्षांच्या जेंकिन्सवर येऊन पडले. तो काळ मोठ्या धामधुमीचा होता. पुढील वर्षाच्या आरंभी शिंद्यांच्या लष्करातील लोकांनी इंग्रज वकिलाची छावणी लुटली, आणि जेंकिन्स ह्यांस कित्येक महिने छावणीबरोबर जवळजवळ कैद्यासारखे फिरावे लागले. इंग्रज सेनापतीने निर्वाणीची मागणी केल्यावर त्यांची सुटका झाली. ह्या प्रसंगात त्यांनी आपले डोके शांत ठेविले, म्हणून वरिष्ठांचा त्यांच्यावर विश्वास बसला. १८०७ साली ते नागपुरास रेसिडेंटाचे काम पाहू लागले, आणि १८१० साली त्या जागी कायम झाले.

नागपूरचे राज्य त्या वेळी दुसऱ्या रघूजी भोसल्यांचे होते. १८०३ सालच्या युद्धात भोसल्यांचा पराभव झाला, आणि देवगावच्या तहाने कटक प्रांत व वऱ्हाडचा मोठा भाग त्यांच्या हातून गेला. उत्पन्न घटले, फौजेचा व दरबाराचा खर्च मात्र त्या मानाने घटला नाही. हा तोटा अखेर कोणाच्या अंगावर पडला, हे सांगावयास नको. सारा वाढला, नाना प्रकारच्या पट्ट्या बसल्या, आणि जे रयतेजवळ उरले ते पेंढाऱ्यांनी नेले. पेंढारी म्हणजे घोड्यांवरून टोळ्या करून फिरणारे लुटारू. १८०९ साली अमीरखान राज्यावर चालून आला. पुढे पेंढाऱ्यांच्या टोळ्या खुद्द नागपूर शहराच्या वेशीपर्यंत येऊ लागल्या. आमच्या भागातील पुष्कळ गावांत पडक्या मातीच्या गढ्या दिसतात. त्यांपैकी कित्येक ह्याच काळात गावकऱ्यांनी जीव वाचविण्यासाठी बांधल्या होत्या. शेतात पेरलेले धान्य घरी येईलच, असा भरवसा कोणास उरला नव्हता.

१८१६ च्या मार्च महिन्यात रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी हे आंधळे व शरीराने आणि बुद्धीने दुर्बळ होते. म्हणून त्यांचे चुलतभाऊ मुधोजी, ज्यांस लोक आप्पासाहेब म्हणत, ते कारभारी झाले. आपले आसन बळकट व्हावे म्हणून आप्पासाहेबांनी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. ह्या तहाची खटपट जेंकिन्स ह्यांनीच केली. तैनाती फौज म्हणजे राजाच्या खर्चाने ठेविलेली परंतु कंपनीच्या हुकमात वागणारी फौज. जो राजा असा तह करी, त्याचे घर बाहेरच्या चोरापासून सुरक्षित होई. पण घराची किल्ली पहारेकऱ्याच्या कमरेस जाई. ही गोष्ट येथे स्पष्ट सांगितली पाहिजे. पुढे जेंकिन्स ह्यांनी चांगला कारभार केला हे खरे, पण कारभार हाती येण्याची वाट ह्याच तहाने तयार झाली.

१८१७ च्या फेब्रुवारी महिन्यात परसोजी एके सकाळी बिछान्यात मृत आढळले, आणि आप्पासाहेब गादीवर बसले. तो मृत्यू घातपाताचा होता, असे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. त्याच वर्षी पुण्यास बाजीराव पेशवे व इंग्रज ह्यांच्यात बिघाड झाला, आणि नोव्हेंबरच्या ५ तारखेस खडकीची लढाई झाली. ही बातमी नागपुरास आल्यावर आप्पासाहेबांनी २४ नोव्हेंबर रोजी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे उघड दरबारात स्वीकारली. दोन दिवसांनी, २६ तारखेच्या संध्याकाळी, सीताबर्डीवर तोफा सुरू झाल्या.

टेकडीवर दोन उंचवटे आहेत, एक मोठा व एक लहान. तेथे कंपनीची सुमारे १४०० माणसे कर्नल स्कॉट ह्यांच्या हाताखाली उभी होती. त्यांतील शिपाई बहुतेक सर्व ह्याच देशातील, मद्रास व बंगालकडील होते. आप्पासाहेबांची फौज सुमारे १८००० असून तीत अरब लोकांच्या कडव्या पलटणी होत्या. रात्रभर गोळीबार चालला. सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली, आणि मोठ्या टेकडीवरील लोकांचा टिकाव लागतो की नाही असा प्रसंग आला. अशा वेळी कॅप्टन फिट्झजेराल्ड ह्यांनी आपल्या थोड्या स्वारांनिशी खालच्या मैदानात भोसल्यांच्या मोठ्या घोडदळावर हल्ला करून त्यांच्या तोफा घेतल्या. हे पाहून टेकडीवरील शिपायांस धीर आला, आणि त्यांनी लहान टेकडी परत जिंकली. दुसऱ्या दिवशी दोन प्रहरच्या सुमारास लढाई संपली. कंपनीकडील ३६७ माणसे ठार किंवा जखमी झाली. जेंकिन्स ह्यांचे मुख्य मदतनीस सॉदेबी हेही त्यांत पडले. जेंकिन्स हे शिपाई नव्हते. तरी ते आपल्या माणसांबरोबर सर्व वेळ टेकडीवर राहिले.

डिसेंबरात जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आले, आणि १६ तारखेस आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाले. शहरातील अरबांनी राजवाडा अडवून धरला होता. ते अटी ठरल्यावर ३० तारखेस बाहेर पडले. आता आप्पासाहेबांचे काय करावयाचे हा प्रश्न आला. जेंकिन्स ह्यांनी १८१८ च्या जानेवारीत त्यांच्याशी करार करून त्यांस पुन्हा गादीवर बसविले. नंतर गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज ह्यांचा हुकूम येऊन पोचला, तो असा की, आप्पासाहेबांस परत गादी देऊ नये. परंतु शब्द दिला गेला होता. हेस्टिंग्ज ह्यांनी आपला हुकूम बाजूस ठेवून जेंकिन्स ह्यांचा करार कायम केला. जिंकलेल्या शत्रूस दिलेला शब्द मोडण्यास त्या वेळी निमित्त चांगले मिळाले होते. तरी तो मोडला नाही, ही गोष्ट दोघांच्या खात्यात जमा धरली पाहिजे.

दुर्दैवाने हा करार फार दिवस टिकला नाही. आप्पासाहेबांनी बाजीरावास चांद्याकडे बोलाविण्याचा गुप्त पत्रव्यवहार चालविला, आणि किल्लेदारांस किल्ले सोडू नका असे निरोप पाठविले, असे जेंकिन्स ह्यांस कळले. मार्च महिन्यात त्यांनी आप्पासाहेबांस राजवाड्यातच अटक केली. प्रयागाकडे नेत असता वाटेत पहाऱ्यावरील शिपाई फितवून व स्वतः शिपायाचा वेष घेऊन आप्पासाहेब निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंड राजांनी त्यांस आश्रय दिला. तेथून असीरगडाकडे व पुढे उत्तरेस असे ते फिरत राहिले, आणि शेवटी जोधपुरास १८४० साली वारले. त्यांच्याविषयी आमच्या प्रांतात दोन मते पूर्वीपासून आहेत. कोणी त्यांस विश्वासघातकी म्हणतात. कोणी म्हणतात की, आपल्या घराची किल्ली परत मिळविण्याचा त्यांनी यत्न केला. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी असू शकतात.

१८१८ च्या जून महिन्यात परसोजींच्या विधवा दुर्गाबाई ह्यांच्या मांडीवर दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा दत्तक देण्यात आला, आणि तिसरे रघूजी ह्या नावाने तो गादीवर बसला. त्याचे वय सुमारे दहा वर्षांचे होते. मुलाची देखरेख दुसऱ्या रघूजींच्या विधवा बाकाबाई ह्यांच्याकडे राहिली, आणि राज्याचा कारभार जेंकिन्स ह्यांच्याकडे गेला. नर्मदाकाठचा प्रांत, तसेच गाविलगड व नरनाळा हे किल्ले व त्यांखालील मुलूख कंपनीने स्वतःकडे घेतले. उरलेले राज्य मुलाचे.

आता आमच्या वाचकांनी एक गोष्ट डोळ्यांपुढे आणावी. गावात एक शेतकरी मरतो, मागे लहान मूल राहते, आणि शेत पाहण्याचे काम शेजाऱ्याकडे येते. शेजारी बलवान आहे. मुलाच्या घरातील कोणी त्यास जाब विचारील असे नाही. अशा वेळी बांध हळूहळू कोणत्या बाजूस सरकतो, हे कोणत्याही गावच्या पाटलास विचारावे. जेंकिन्स ह्यांची स्थिती त्या शेजाऱ्यासारखी होती. फरक एवढाच की, शेत छत्तीसगडापासून वर्धा नदीपर्यंत पसरलेले होते.

त्यांनी काय केले ते पाहू. नागपूर, चांदा, वैनगंगा, घाटावरील देवगड व छत्तीसगड असे राज्याचे भाग करून प्रत्येकावर एकेक इंग्रज सुपरिंटेंडंट नेमिला. परंतु त्यांच्या हाताखालचे कमाविसदार, फडणवीस व गावोगावचे पाटील हे पूर्वीचेच राहिले. कलकत्त्याचे किंवा मुंबईचे कायदे त्यांनी येथे आणले नाहीत. दिवाणी तंटे पंचायतीने तोडावे, वसुलीची जुनी वहिवाट जेथे चांगली असेल तेथे चालू ठेवावी, आणि जेथे जुलूम असेल तेवढ्यापुरता हात घालावा, हे त्यांचे धोरण होते. नव्या जुन्या पट्ट्यांचे ओझे कमी केले. पाटलांशी सारा आधी ठरवून मग ठरल्यापेक्षा अधिक मागावयाचे नाही, अशी शिस्त लाविली. छत्तीसगडात कर्नल ॲग्न्यू ह्यांनी रतनपूरऐवजी रायपूर हे मुख्य ठाणे केले, आणि त्या शहराच्या भरभराटीचा पाया घातला. ह्याच सुमारास पेंढाऱ्यांचाही मोड झाला होता, त्यामुळे ओसाड पडलेल्या गावांत पुन्हा नांगर चालू लागले. ह्या सर्व सुधारणेचे श्रेय एका माणसास देणे योग्य नाही, कारण शांतता झाली म्हणजे शेतकरी आपण होऊनच कामास लागतो. पण कारभाऱ्याने त्याच्या आड येऊ नये हीही लहान गोष्ट नव्हे.

जेंकिन्स ह्यांस ह्या देशाची माहिती गोळा करण्याची मोठी हौस होती. छत्तीसगडातील प्राचीन देवळे व शिलालेख ह्यांविषयी त्यांनी लिहिलेला लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत १८२५ साली छापला गेला. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे नागपूर राज्यासंबंधीचा त्यांचा अहवाल. तो १८२७ साली कलकत्त्यास छापला, आणि पुढे नागपुरातही पुन्हा छापण्यात आला. त्यात जमिनीचे प्रकार, पिके, जाती, गोंडांची राहणी, विणकरांचा धंदा, बाजार, साऱ्याच्या पद्धती, भोसल्यांचा इतिहास आणि स्वतःच्या कारभाराचा सर्व हिशेब दिला आहे. नागपूरचा इतिहास लिहिणारे आजही तो उघडून पाहतात. कारभाऱ्याने हिशेब लिहून ठेविला, म्हणून त्याच्या मागून येणाऱ्यास त्याचे बरेवाईट ठरविता येते. ज्याने वही ठेविली नाही, त्याची स्तुती करणारे असतील, पण त्याच्या वतीने साक्ष देणारे काही नसते.

१८२६ च्या डिसेंबरात नवा तह झाला. रघूजी आता सुमारे अठरा वर्षांचे होते. राज्याचा कारभार त्यांच्या हाती देण्यात आला. फौजेच्या खर्चासाठी काही परगणे मात्र इंग्रजांच्या देखरेखीखाली राहिले. तेही १८२९ च्या तहाने परत दिले गेले, आणि त्यांच्या ऐवजी राजाने दरसाल ८ लाख रुपये द्यावे असे ठरले. जेंकिन्स १८२७ साली नागपूर सोडून गेले. बाविसाव्या वर्षी ते येथे आले होते. जाताना ते बेचाळीस वर्षांचे होते.

पुढील हकीकत विलायतेची आहे. १८३० साली श्रूजबरीच्या मतदारांनी त्यांस पार्लमेंटच्या लोकसभेत, म्हणजे हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, निवडून दिले. आपल्या लोकसभेसारखीच ती सभा होय. परंतु त्या काळी तेथे मत देण्याचा अधिकार थोड्या पुरुषांस असे, आणि मत गुप्तपणे पेटीत टाकावयाचे नसून सर्वांसमक्ष तोंडाने सांगावे लागे. गुप्त मतदान इंग्लंडात १८७२ साली आले. १८३७ ते १८४१ ह्या काळात जेंकिन्स पुन्हा श्रूजबरीतर्फे सभासद होते. ते जुन्या रीतीस धरून चालणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे होते. १८३२ साली ते ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर झाले, १८३८ साली त्यांस सर ही पदवी मिळाली, आणि १८३९ साली ते डायरेक्टरांच्या सभेचे अध्यक्ष झाले.

येथे कंपनीची व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. लंडन शहरात २४ डायरेक्टरांची एक सभा असे. त्यांस निवडणारे लोक म्हणजे कंपनीचे भागीदार, अर्थात ज्यांनी तीत पैसा गुंतविला ते. त्यांच्यावर १७८४ पासून सरकारचे एक नियामक मंडळ होते, आणि लढाई व तह ह्यांविषयीची शेवटची सत्ता ह्या मंडळाकडे असे. १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापार बंद झाला. राज्य करणे एवढेच काम तिच्याकडे उरले. जेंकिन्स अध्यक्ष असतानाच, १८३९ साली, इंग्रज फौज काबुलात शिरली. आणि त्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह ह्यांस गादीवरून काढण्यात आले. त्यांचे वकील रंगो बापूजी हे त्यांची दाद मागण्यासाठी लंडनला गेले, आणि १८५३ पर्यंत तेथे राहून डायरेक्टर, भागीदार व पार्लमेंट ह्यांच्या दारी खेपा घालीत राहिले. अखेर त्यांस रिकाम्या हाताने परतावे लागले.

ह्या गोष्टींत जेंकिन्स ह्यांचा वाटा किती, हे तोलणे कठीण आहे. कारण अध्यक्ष एक असला तरी सत्ता अनेकांची होती. पण एक गोष्ट उघड आहे. नागपुरास असताना ज्यांच्यावर त्यांनी अंमल केला, ते लोक त्यांच्या डोळ्यांपुढे होते. गाऱ्हाणे घेऊन आलेला पाटील दारात उभा राही, आणि त्याची भाषा साहेबांस कळत असे. लंडनमध्ये ते श्रूजबरीच्या थोड्या मतदारांचे प्रतिनिधी होते, आणि कंपनीच्या भागीदारांस जबाबदार होते. ज्या कोट्यवधी लोकांविषयी त्या सभांत ठराव होत, त्यांच्यापैकी एकासही त्यांना निवडण्याचा किंवा काढण्याचा अधिकार नव्हता. माणूस तोच, त्याचा अनुभवही तोच. परंतु गाऱ्हाणे करणारा आता हजारो कोसांवर होता.

आता शेवटचा भाग. तिसऱ्या रघूजींचे राज्य सत्तावीस वर्षे चालले. १८५३ च्या डिसेंबरच्या ११ तारखेस ते नागपुरास वारले. त्यांस मुलगा नव्हता. त्याच महिन्याच्या ३० तारखेस सर रिचर्ड जेंकिन्स हे लंडनजवळ ब्लॅकहीथ येथे मरण पावले. त्या काळी तारायंत्राने विलायतेशी बोलणे होत नसे. डाक बोटीने जाई, आणि तीस महिन्याहून अधिक काळ लागे. म्हणून ज्या मुलाचे राज्य त्यांनी सांभाळले, तो आता जगात नाही हे जेंकिन्स ह्यांस कळलेही नाही. दोघे एकोणीस दिवसांच्या अंतराने गेले.

१८५४ च्या जानेवारीत गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी ह्यांनी आपले मत लिहिले. त्याचा आशय असा की, १८१८ साली हे राज्य युद्धात जिंकले गेले होते, नंतर कंपनीने ते रघूजींस दान म्हणून दिले, आणि आता औरस वारस नाही म्हणून ते दान दात्याकडे परत आले. नागपूरचे रेसिडेंट मॅन्सेल ह्यांनी राज्य राखावे असे मत दिले होते, आणि कौन्सिलातील जनरल लो ह्यांनीही विरोध केला. पण त्यांचे चालले नाही. मार्च महिन्यात राज्य खालसा झाले. राजवाड्यातील जवाहीर कलकत्त्यास विक्रीला गेले. हत्ती, घोडे व बैल ह्यांचा सीताबर्डीस लिलाव झाला. वृद्ध बाकाबाई त्या वेळी हयात होत्या. ज्या बाईंनी १८१८ साली नातवास गादीवर बसताना पाहिले, त्यांनीच हाही दिवस पाहिला.

ह्यात विचार करण्याजोगी गोष्ट ही की, जेंकिन्स ह्यांनी जे परत दिले ते ठेव परत द्यावी तसे दिले, आणि डलहौसी ह्यांनी त्यासच दान म्हटले. ठेव व दान ह्यांत मोठे अंतर आहे. ठेव ज्याची त्याचीच असते. ती परत करणारा उपकार करीत नाही. दान देणारा मात्र आपल्यास धनी समजतो, आणि पुढे कधी तरी ते मागू शकतो. १८२६ साली एका प्रामाणिक कारभाऱ्याने मुलास त्याचे घर परत दिले. परंतु ते घर राखण्याची हमी अखेर बलवान शेजाऱ्याच्या मर्जीवर राहिली. प्रामाणिक माणूस निघून गेला, त्याच्या जागी दुसऱ्या विचाराचा आला, आणि जुना कागद नव्या अर्थाने वाचला गेला. ह्याचा दोष जेंकिन्स ह्यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. तथापि तैनाती फौजेच्या तहाने घराची किल्ली ज्या दिवशी बाहेर गेली, त्या दिवसापासून हे होण्याचा संभव होता, आणि तो तह त्यांच्याच हातचा होता.

आमच्या मंडळ्यांत असे कारभार लहान प्रमाणावर रोज चालतात. कोणाकडे पोरक्या भाच्याचे शेत असते, कोणाकडे शाळेच्या छपरासाठी जमविलेले पैसे असतात, कोणाकडे विधवेने विश्वासाने ठेविलेला दागिना असतो. पंच, शिक्षक, उपदेशक, पाटील ह्या सर्वांस परक्याची किल्ली कधी ना कधी हाती घ्यावी लागते. अशा सर्वांस जेंकिन्स ह्यांच्या नागपुरातील आठ वर्षांवरून तीन गोष्टी शिकता येतील. त्यांनी ज्यांचे काम पाहावयाचे त्यांची भाषा व रीत आधी शिकून घेतली. त्यांनी आपला हिशेब लिहून ठेविला, आणि तो लोकांस वाचता येईल असा ठेविला. आणि मूल वयात येताच, आपण अधिक चांगला कारभार करू शकतो हे ठाऊक असूनही, किल्ली त्याच्या हाती दिली. ह्या तिसऱ्या गोष्टीस सर्वांत अधिक मनोनिग्रह लागतो. चोरी न करणारे पुष्कळ असतात. परंतु आपल्यावाचून चालणार नाही असे वाटत असता वेळेवर बाजूस होणारे थोडे असतात.

त्यांच्या पुढील आयुष्यावरून चौथी गोष्ट शिकावयाची आहे, आणि ती कारभाऱ्यापेक्षा ज्यांचा कारभार चालतो त्यांनी ऐकावी. चांगला माणूस मिळाला म्हणून निश्चिंत राहू नये. त्याच्यामागून कोण येईल हे कोणास ठाऊक नसते. म्हणून ठेव कोणाची, ती केव्हा परत करावयाची, आणि न दिल्यास दाद कोठे मागावयाची, हे चार माणसांसमोर आधी लिहून घ्यावे. जेंकिन्स पार्लमेंटात बसत, त्या वेळी नागपूरच्या कोणा शेतकऱ्यास त्यांस मत देता येत नव्हते. १९५०च्या जानेवारीत आपल्या देशाची राज्यघटना अमलात आली, आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याच शेतकऱ्यांच्या नातवांनी व नातींनी आपापले प्रतिनिधी निवडले. त्या दिवसापासून आपल्या घराची किल्ली आपल्यापाशी आली आहे. ती ज्याच्या हाती काही वर्षांपुरती द्यावयाची, त्याच्याकडे वही मागावी, आणि मुदत भरली म्हणजे किल्लीही मागावी.